शनिवारचे पाच भाग

हुडकेश्वरच्या आजीने तुम्हाला सोडून मालिकेचे भाग पुढे पाहून टाकले, असं तुम्हा दोघांना वाटतं. तिने पाहिले नव्हते. मी पाहिले. बावीस ते सव्वीस, पाच भाग, इथे लक्ष्मीनगरच्या घरात, दोन शुक्रवारी, दुपारचा चहा व्हायच्या आधी. हे फोनवर एका वाक्यात सांगून झालं असतं, पण दीड महिना झाला, फोनवर ते माझ्या तोंडून निघत नाही. लिहिताना मला खोटं बोलायला जमत नाही, म्हणून लिहिते. जिथे अडाल तिथे तुमच्या बाबांना विचारा. त्यांनाही हे वाचायला हवंच आहे.

आमच्या घरात टीव्ही कायम शिस्तीत राहिला. तुमचे बाबा लहान असताना त्याच्यावर मी विणलेलं आच्छादन असे. ते कधी काढायचं आणि कधी घालायचं हे ठरलेलं होतं. मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. घरी तपासायच्या वह्यांचा ढीग असायचा आणि समोर टीव्ही चालू असताना माझं डोकं चालत नसे. आता आच्छादन नाही, वह्या नाहीत, आणि पडदा भिंतीएवढा झाला आहे. त्याच्यावर सकाळ-संध्याकाळ तुमच्या आजोबांची सत्ता असते. आठ चौकोनांत आठ माणसं बसून एकाच वेळी ओरडतात आणि आजोबा नवव्या चौकोनात असल्यासारखे त्यांना इकडून उत्तरं देतात. दुपारी ते झोपले की टीव्ही माझा. मी एखादा माहितीपट पाहते, पाऊण तास, आणि बंद करते. काय पाहिलं ते एका वहीत लिहून ठेवते. त्यावरून तुम्ही मला हसता, ते मला माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही उन्हाळ्यात आला होतात तेव्हा मी तुम्हालाही नियम घालून दिले. रोज अर्धा तास, पडद्यापासून सहा फूट लांब, जेवताना अजिबात नाही. पाहून झालं की काय समजलं ते मराठीत दहा ओळी लिहायचं. मोठी, तू चार दिवस लिहिलंस. पाचव्या दिवशी तू विचारलंस की आपण हुडकेश्वरला कधी जाणार.

तिथे काय चालायचं ते मी एकदा तुम्हाला आणायला गेले तेव्हा पाहिलं. विहीणबाई, म्हणजे तुमच्या आईची आई, पलंगावर मांडी घालून बसल्या होत्या. एका बाजूला तू, एका बाजूला धाकटा, समोर कूलर, त्याच्या शेजारी टीव्ही, आणि त्यांच्या मांडीवर ताट. पडद्यावर कोणाचं तरी लग्न मोडत होतं. विहीणबाई गोळाभाताचा घास करून एकदा इकडे भरवत होत्या, एकदा तिकडे, आणि पडद्यावरच्या बाईला दम देत होत्या. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत. मी दारात दहा मिनिटं उभी होते. घरी येताना ऑटोत मी तुम्हाला म्हटलं की इतका वेळ पाहिलं तर डोळे बिघडतात. मला म्हणायचं होतं ते वेगळंच होतं.

विहीणबाई खापा गावच्या. शिक्षण सातवीपर्यंत. यजमान कोराडीच्या वीज केंद्रात होते. तिथल्या कॉलनीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली, रोज सकाळी अंगणात पडलेली धुराड्यांची राख झाडत. यजमान गेल्यावर त्या हुडकेश्वरला दोन खोल्यांत राहायला आल्या. एकट्या असतात. माझ्याकडे तुमचे आजोबा आहेत, पुस्तकं आहेत, जुन्या विद्यार्थिनी भेटायला येतात. हेवा वाटायचाच तर त्यांना माझा वाटायला हवा, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. त्याचा काही उपयोग झाला नाही.

आता त्या शुक्रवारांकडे येते. तुमच्या आईने दोन वर्षांपूर्वीच्या त्याच भेटीत दोन्ही आज्यांच्या टीव्हीवर तुमच्याच घरचं खातं लावून दिलं होतं. टीव्ही लावला की चार चौकोन येतात. तुम्हा दोघांच्या चौकोनावर पेंग्विन आहे. आमच्यासाठी वेगळा चौकोन आहे, पण मी कधीकधी पेंग्विनवाला उघडत असे. तुम्ही काय पाहता ते त्यात दिसतं. अर्धवट पाहिलेल्या प्रत्येक चित्राखाली लाल रेघ असते, किती पाहून झालं ते दाखवणारी. मेलबर्नमध्ये तुम्ही काल काय पाहिलं, कुठे थांबलात, हे मला लक्ष्मीनगरात बसून कळायचं. रविवारच्या फोनवर तुम्ही मला जेवढं सांगता त्याच्यापेक्षा त्या रेघा जास्त सांगायच्या. शाळा कशी चालली आहे, तर फाइन. पोहणं कसं चाललं आहे, तर फाइन. पंधरा मिनिटांत सात वेळा फाइन मी मोजलं आहे.

एके दिवशी त्या रांगेत एक मराठी मालिका दिसली. मी थक्क झाले. तुम्ही आपणहून मराठी ऐकताय. मी पाठवलेल्या पुस्तकांमुळे गोडी लागली असं मी गृहीत धरलं, आणि तुमच्या आजोबांनाही तसं सांगितलं. त्या रविवारी मी फोनवर मालिकेचा विषय काढला आणि धाकट्याने एकदम बोलायला सुरुवात केली. मोठ्या काकांनी मृत्युपत्र कुठे लपवलं आहे, धाकटी सून खरी कोणाची मुलगी आहे, कोण कोणाला विष घालणार आहे. वीस मिनिटं. माझ्याशी तो इतकं कधीच बोलला नव्हता. मधेच तो म्हणाला, "ते बाई काहून रडून राहिली होती, मले समजलंच नाही."

मी म्हटलं, मले नाही, मला म्हण. तो म्हणाला, "हुडकेश्वरची आजी असंच म्हणते."

तेव्हा सगळं उलगडलं. दर शनिवारी इथले दुपारचे दोन वाजले की तिकडे तुमची जेवणं आटोपलेली असतात. तुम्ही त्यांना फोन लावता, त्या फोन डब्याला टेकवून ठेवतात, तिघं मिळून एक, दोन, तीन म्हणता आणि तिकडे-इकडे एकदमच बटण दाबता. दोन भाग होतात, आणि विहीणबाई पूर्ण वेळ बोलत असतात. हे चार महिने चाललं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. लपवलं होतं असंही नाही. मला सांगावं असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं, आणि तेच मला जास्त लागलं.

पुढच्या शुक्रवारी आजोबा झोपल्यावर मी पेंग्विनचा चौकोन उघडला. तुम्ही एकविसाव्या भागाच्या शेवटी होतात. मी बाविसावा लावला. नुसतं पाहावं, ही काय चीज आहे, एवढाच विचार होता.

मालिकेबद्दल माझं मत तुम्हाला ठाऊक असेल, तरी सांगते. एका बाईने दुसरीला थोबाडीत मारली. ती थोबाडीत तीन बाजूंनी तीनदा दाखवली, मग खोलीतल्या प्रत्येकाचा चेहरा, प्रत्येक चेहऱ्याला विजेचा कडकडाट. घर राजवाड्यासारखं, पण त्यात कपडे वाळत घालायला कुठे दोरी नाही. बायका जरीच्या साड्या नेसून झोपतात. आणि सगळ्यात नवल म्हणजे त्या घरात कोणी कधी टीव्ही पाहत नाही. सगळे दिवसभर दिवाणखान्यात उभे राहून एकमेकांना पाहतात. मी हे सगळं वहीत लिहिलं. मग तेविसावा भाग लावला. तो मी कर्तव्य म्हणून पाहिला असं म्हणणार नाही.

लाल रेघ आपल्या पाहण्याने पुढे सरकते, हे मला माहीत होतं. पण माझ्यामुळे तुमची जागा हलेल हे त्या क्षणी खरोखर माझ्या लक्षात आलं नाही. एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवते.

शनिवारी तुम्ही तिघांनी बटण दाबलं आणि चोविसावा भाग सुरू झाला. मोठे काका, जे मागच्या शनिवारी जेवत होते, त्यांच्या फोटोला हार. तुम्ही गोंधळलात आणि तिथेच थांबलात; मागे जाऊन उपयोग नव्हता, काका जाणार हे कळलेलंच होतं. रविवारी तुमच्या बाबांनी मला हसत हसत सांगितलं की मुलं विहीणबाईंवर चिडली आहेत, कारण त्या गुपचूप पुढचे भाग पाहतात. धाकटा मागून ओरडला की ती आजी चीटिंग करते. मी काय म्हणाले ते मला शब्दशः आठवतं. मी म्हणाले की काही लोकांना टीव्हीपुढे धीर राहत नाही. फोन ठेवला आणि चहा केला. तो चहा मला फार गोड लागला.

दुसऱ्या शुक्रवारी मी जे केलं ते चुकून नव्हतं. दीड वाजता बसले आणि चोवीस, पंचवीस, सव्वीस असे तीन भाग लागोपाठ पाहिले. मधे आजोबा उठून आले. पडद्यावर कोणीतरी जिन्यावरून पडत होतं. त्यांनी विचारलं की हा कसला माहितीपट. मी म्हटलं, समाजशास्त्राचा. ते म्हणाले, "मग त्या बाईला सांग, कठडा धर," आणि पुन्हा जाऊन झोपले.

त्या शनिवारी तुमचं भांडण झालं. सत्ताविसावा भाग लग्नाच्या मांडवात सुरू झाला आणि मोठी, तू फोन ठेवून दिलास. पुढच्या शनिवारी तुम्ही हुडकेश्वरला फोन केलाच नाही.

मी वेळ घालवला नाही. तुमच्या बाबांना म्हटलं की मुलांना मराठी ऐकवायचंच असेल तर जरा दर्जेदार काही दाखवू. समुद्राच्या तळाबद्दलची एक मालिका मला फार आवडली होती. ती लावू, मी मराठीत समजावत जाईन. तुमच्या बाबांना ते पटलं. शनिवार माझा झाला. सकाळी मी केस धुतले आणि चांगली साडी नेसले, फोनच्या पडद्यावर खांद्याखालचं काही दिसत नाही हे माहीत असूनही.

त्या मालिकेत खोट नव्हती. आजही टीव्हीवर उत्तम गोष्टी आहेत, हे मी कोणालाही सांगेन. आमच्या वेळी एका माशामागे वर्षभर कॅमेरा घेऊन कोण फिरलं असतं. पण आपण तिघं एकमेकांशी काय बोलत होतो? धाकट्याने मधे काहीतरी विचारलं, मी म्हटलं शेवटी विचार. मोठी, तू हसलीस, मी म्हटलं आधी नीट बघ. दर दहा मिनिटांनी मी थांबवून प्रश्न विचारत होते आणि तुम्ही बरोबर उत्तरं देत होतात. मी माझ्या पडद्यावर मासे पाहत होते, तुम्ही तुमच्या पडद्यावर. दुसऱ्या शनिवारी धाकटा चौकटीतून दोनदा उठून गेला. तिसऱ्या शनिवारी तुम्हाला होमवर्क होतं. चौथ्या शनिवारी कोणी कारणही दिलं नाही.

म्हणजे मी त्यांचा शनिवार घेतला आणि तो माझ्याकडेही राहिला नाही.

त्यानंतर विहीणबाईंचा फोन आला. शनिवारी दुपारी मी मोकळीच असते, जेवायला या, म्हणाल्या. आवाजात काहीच नव्हतं. मी कोथिंबिरीची सांभारवडी घेऊन गेले. वाटेत ऑटोत मी काय काय बोलायचं ते ठरवत होते. विषय निघाला तर तंत्रज्ञानाचा दोष म्हणायचं असंही ठरवलं होतं.

जेवणं झाली. खोली तशीच होती, कूलर, पलंग, टीव्ही. टीव्हीच्या वर भिंतीला एक चित्र चिकटवलं होतं. पलंगावर तीन माणसं, समोर मोठा टीव्ही, आणि मधल्या बाईच्या हातात ताट. खाली मोठी, तुझं नाव. तू ते पोस्टाने पाठवलं होतंस. माझ्याकडे तुझी तीन वाढदिवसांची कार्डं आहेत, तारीखवार लावून ठेवलेली. चित्र एकही नाही. मी त्याच्याकडे पाहायचं टाळत होते, आणि विहीणबाईंच्या ते लक्षात येत होतं.

त्यांनी टीव्ही लावला, पेंग्विनचा चौकोन उघडला आणि सत्ताविसावा भाग सुरू केला. मांडव, सनई, रडणारी नवरी. खाली इंग्रजी अक्षरं येत होती. विहीणबाईंनी त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"मले इंग्रजी वाचता येत नाही, विहीणबाई. पोरं ते लावत नाहीत, त्यायले मी सांगतो ना समजावून. मग हे कोणी लावलं?"

माझ्या डाव्या कानाने कमी ऐकू येतं. शिवाय भाषांतर बरोबर केलं आहे का ते पाहायची मला खोड आहे. काहीही पाहायचं तर आधी ती अक्षरं सुरू करायची हे माझ्या हातात बसलेलं आहे. एकदा लावली की त्या चौकोनात ती लागलेलीच राहतात, हे मला सुचलं नव्हतं. तंत्रज्ञानाबद्दल ठरवून आणलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. मी विचारलं, कधी कळलं.

"पह्यल्याच शनिवारी."

मग मुलांना सांगितलं का नाही, हे मी विचारलं तेव्हा माझा आवाज जरा चढलेला असावा, जणू चूक त्यांची होती. त्या पडद्याकडे पाहत म्हणाल्या की पोरांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, हो बाप्पा, मीच पाहिलं, धीर नाही राहिला. आणि मग माझ्याकडे वळल्या.

"माझ्यावर रागावले तं चार दिवसांनी येतील, मले माहीत आहे. तुमचं नाव सांगितलं असतं तं तुमचा रविवारचा फोन गेला असता. अन् तुमच्यापाशी तेवढाच तं आहे."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं. माझी तीस वर्षं बोलण्यात गेली. त्यांनी सरळ, दया येऊन, म्हटलं होतं. त्या पलंगावर बसून मला त्यांच्या चांगुलपणाचा इतका हेवा वाटला की त्यापुढे मालिकेचा, चित्राचा आणि शनिवारचा हेवा काहीच नव्हता. तुम्ही याल असं त्या म्हणाल्या, आणि तुमच्याबद्दल त्यांना ती खात्री होती. मला तुमच्याबद्दल तशी खात्री एक दिवसही नव्हती.

पण चार दिवस कधीच होऊन गेले होते. सहावा आठवडा चालला होता. मी तेवढं म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि आवाज वाढवला. नवरी मांडवातून उठून चालली होती. "हे पाहा," विहीणबाई म्हणाल्या, "दोन किलोचे दागिने घालून पळून राहिली. हिच्या घरी वरण तरी कधी शिजते वं?" मी हसले. नको असताना हसले. मग त्या बोलत राहिल्या, मीही मधे बोलले, आणि भाग संपला तेव्हा माझ्या लक्षात आलं की अर्ध्याहून जास्त कथा मला कळलीच नाही, आणि वेळ फार चांगला गेला होता. म्हणजे हे असं असतं. चार महिने तुम्ही हे करत होतात.

निघताना त्या म्हणाल्या की पोरांना काही सांगू नका, झालं ते झालं. मी हो म्हटलं. ऑटोत बसेपर्यंत तो होकार मला बरा वाटला. घरी येऊन पाय धुतले, आणि मग वाटेना. त्या गप्प राहिल्या म्हणून मी सुटले, आणि तुम्ही त्यांच्यावर रुसून बसलेले. त्या खोलीत दर शनिवारी दोन वाजता फोन डब्याला टेकवलेला असतो. मी गेले त्या दिवशीही होता. त्यांनी तो माझ्यासाठी बाजूला केला नव्हता.

म्हणून हे लिहिलं. आता काय करायचं ते नीट ऐका. या शनिवारी दोन वाजता हुडकेश्वरला फोन करा. आधी तिची माफी मागा, धाकट्या, तू विशेषतः. सत्ताविसाव्या भागापासून सुरू करा, रेघ आम्हा दोघींमुळे पुढे गेलेली दिसली तरी. मधले पाच तिने आजतागायत पाहिलेले नाहीत, त्यामुळे ती विचारेल कोण मेलं आणि कोण कोणाची मुलगी निघाली. ते तुम्ही तिला सांगा. तुम्हीही पाहिले नसतील तर मला विचारा, माझ्याकडे सगळं लिहिलेलं आहे.

माझ्यावर रागावायचं तर रागवा. मी ते कमावलं आहे. रविवारी फोन आला नाही तर मी का म्हणून विचारणार नाही, आणि तुमच्या बाबांकरवीही विचारणार नाही. मात्र शनिवारी दोनच्या सुमारास मी घरात काहीतरी आवरत असेन आणि तुम्ही आत्ता कशाला हसला असाल याचा विचार करत असेन. मला हेवा वाटत असेल. तो थांबवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, जमलं नाही. पण पेंग्विनचा चौकोन मी पुन्हा उघडणार नाही, एवढं तुम्हाला लिहून देते.